मारबतीनं न नेलेला खोकला

शालिकराम निमजेचा आवाज मारबतीनं नेला, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरगंही छातीवर हात ठेवून सांगतं. सांगायची तऱ्हाही ठरलेली आहे. आधी इकडेतिकडे पाहायचं, मग आवाज खाली आणायचा. "अबे, मागच्या साली ललकारी देताना त्यानं पायातली चप्पल नाही काढली. मारबत म्हने, ठीक आहे गा, साऱ्या गल्लीचा खोकला नेते, पन ठेवते तुह्याच गळ्यात." पानठेल्यावर हीच गोष्ट बदलते. तिथे चप्पल जाते आणि बर्फाच्या पाण्याचा ग्लास येतो. बायकांच्या भजनात पोचेपर्यंत ग्लासही जातो, नुसती नजर उरते.

मारबत बिचारी निर्दोष आहे. बांबूच्या कामट्या, कागद नि रंग, एवढंच तिचं अंग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक निघते, लोक ओरडून ओरडून आपली सगळी पीडा तिच्या अंगावर घालतात आणि शेवटी तिला जाळून घरी येऊन जेवतात. तिनं खरंच कोणाचं काही नेलं असतं, तर नागपुरातले निम्मे दवाखाने कधीच बंद पडले असते. शालिककाकांचा आवाज टीबीनं नेला. आणि टीबी आला तो चपलेतून नाही, ग्लासातून तर मुळीच नाही. तो आला गांधीबागेतल्या एका तळघराच्या हवेतून.

काका तिथे कापडाच्या ठोक दुकानात थान दाखवायला होते. थान दाखवणं म्हणजे नुसतं उलगडणं नाही. गिऱ्हाईक नरखेडचा छोटा दुकानदार असो की बुटीबोरीतला गणवेश शिवणारा, काका थानाला एक झटका द्यायचे, कापड गादीवर पाण्यासारखं पसरायचं आणि वरून आवाज यायचा, "पाहा भाऊ, हे पॉपलीन. नवरदेवाले शिवा, नाहीतर नवरदेवाच्या बापाले, तक्रार आली तर मले शिवा." लोखंडी कोठीत वरून गहू ओतावे तसा तो आवाज. आधी खळखळ, मग तळाशी एक घुमारा. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि मला नकला करायचा नाद आहे, म्हणून सांगतो: खळखळ कोणालाही जमते, घुमारा जमत नाही. त्या आवाजावर घर चालायचं. आणि मारबतीच्या दिवशी त्याच आवाजावर गल्ली चालायची. आमच्या गल्लीचा एक लहानसा बडग्या असतो, मारबतीसोबत निघणारा बाहुला. त्याच्या हातगाडीवर उभं राहून काका अर्धी ओळ टाकायचे, "ईडा पीडा, खासी-खोकला, रोगराई," आणि उरलेली अर्धी गल्ली उचलायची, "घेऊन जाय गे मारबत." काकांच्या आधी हे त्यांचे वडील करायचे. त्यांना दुसरा कोणता मान नव्हता, आणि दुसरा हवाही नव्हता.

आता तळघर. दुकानाचा माल सगळा पांढरा. धोतरं, पायजम्याचं कापड, दवाखान्याच्या चादरी. पांढऱ्या थानावर रस्त्याची धूळ बसली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून शटर अर्धं खाली. खिडकी एकच, तिच्यापुढे थानांची थप्पी छतापर्यंत. पंखा लावायचा नाही, कारण उलगडलेलं कापड उडतं. उन्हाळ्यात कूलर नको, ओल लागून थानाला डाग पडतो. अशा खोलीत काका आणि त्यांचा जोडीदार देवराव दिवसभर समोरासमोर बसायचे, एकानं उलगडायचं, दुसऱ्यानं घडी घालायची. जेवायचेही तिथेच.

देवराव नरखेडकडचा. त्याचा खोकला म्हणजे थंडीत मोटरसायकलला किक मारल्यासारखा, चार वेळा नुसता फसफसायचा आणि पाचव्या वेळी सुरू झाला की थांबायचा नाही.

"काहून बे, तिखट खाल्लं का?" काका विचारायचे.

"तिखट कुठचं. कापडाची रुई गेली नाकात."

"बावीस वर्षं रुईतच बसलो आपन. मले नाही जात ती."

"तुह्यं नाक लहान आहे," देवराव म्हणायचा आणि पुन्हा किक मारायचा.

मालकाला संशय आला होता. त्यानं काय केलं? देवरावचा चहाचा ग्लास वेगळा केला. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, म्हणजे दुसऱ्या कोणी चुकून उचलू नये. सगळ्यांना हायसं वाटलं. ग्लास वेगळा झाला आणि हवा तीच राहिली. देवराव ठिपक्याच्या ग्लासातून चहा प्यायचा, समोर काकांकडे तोंड करून खोकायचा, आणि त्या खोकल्यातलं जे हवेत तरंगत राहायचं ते बाहेर जायला अर्ध्या शटरखालून वाकून जावं लागलं असतं. एवढे कष्ट कोणता जंतू घेतो? समोर फुफ्फुस होतं.

मग देवराव घरी गेला तो आलाच नाही. हिवाळ्यात तो वारल्याचं कळलं. दुकानात म्हणाले, दारूनं गेला. देवराव आयुष्यात चहापलीकडे गेला नव्हता, हे काकांना माहीत होतं. पण काका काही बोलले नाहीत. दारू म्हटलं की विषय तिथे संपतो. दुसरं काही म्हटलं असतं तर आपल्याकडे बोट आलं असतं. कारण तोवर त्यांनाही खोकला लागला होता.

खोकला लागला तो देवराव असतानाच, मारबतीच्या आधी. त्या वर्षी काका गाडीवर चढले, चप्पल काढूनच चढले, मी पाहिलं आहे. हात वर केला आणि सोडली, "ईडा पीडा, खासी-खोकला," आणि नेमका तिथेच छातीतून एक उसळी आली. खॉक्. छोटा, खोल, शेवटी कडी लावल्यासारखा. गल्ली क्षणभर थांबली आणि मग हसून लोटपोट झाली. लोकांना वाटलं, काकांनी खोकला शब्दाची ॲक्टिंग केली. पुढच्या ललकारीला पुन्हा तिथेच खॉक्. टाळ्या पडल्या. काका काय करणार? टाळ्या पडल्यावर कोणता कलावंत म्हणतो, की मी खरंच खोकलो? त्यांनी तिसऱ्यांदा जरा छाती ठोकूनच खोकला काढला. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं वर्षभर तोच खेळ खेळत राहिली. क्रिकेटमध्ये आउट झाला की, "ईडा पीडा, खासी-खोकला, खॉक्, घेऊन जाय बे याले."

दुसऱ्या दिवसापासून काकांचा आवाज बसला. यात कोणाला काय नवल? मारबतीत गळा फाटतोच. आमच्याकडे भाद्रपदात निम्म्या माणसांचा आवाज बसलेला असतो. काकांच्या बायकोनं, यमुताईंनी, ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली, हळद-दूध दिलं, ओव्याची वाफ दिली. मेडिकलवाल्यानं लाल सिरप दिलं, मग हिरवं दिलं. दिवाळी झाली. संक्रांत झाली. आवाज परत येईना. गव्हाच्या कोठीचं आता नुसतं पोतं ओढल्यासारखं व्हायला लागलं. काकांना गिळताना दुखायचं, म्हणून पोळी चहात बुडवून खायचे. संध्याकाळी अंगात कसर यायची. कमरेचा पट्टा नवीन भोकावर गेला, मग खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं.

"डॉक्टरले दाखवा ना जी," यमुताई म्हणायच्या.

"काय दाखवू? गळा? तो सारं नागपूर पाहून राहिलं. अगं, मारबतीचा गळा आहे, मारबतीलेच सुटते."

मे महिन्यात अपेक्षाताई, म्हणजे त्यांची मुलगी, माहेरी आली. सोबत मयुरा, दीड-दोन वर्षांची, गोबऱ्या गालांची. नातीला पाहून काका लहान झाले. दिवसभर मांडीवर. आवाज नव्हता तरी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन घोगऱ्या आवाजात थान विकायचे, "पाहा बाई, हे पॉपलीन," आणि ती खदखदून हसायची. ताटवाटी मात्र त्यांनी आपण होऊन वेगळी केली होती. देवरावच्या ग्लासाचा धडा त्यांनी असा घेतला होता.

मयुरानं आठवड्याभरात काकांची नक्कल उचलली. दारात आजोबा दिसले की आधी "खॉक्" आणि मग "आबा". अख्खी गल्ली तिला थांबवून विचारायची, "आबाजी कसे करते?" आणि ती करून दाखवायची. मलाही वाटलं, चला, धंद्यात कोणीतरी आलं. नकलेतला खोकला खऱ्यापासून वेगळा ओळखणं सोपं असतं. नकलेतला गळ्यात बनतो, कोरडा असतो आणि तो झाल्यावर माणूस तुमच्या तोंडाकडे पाहतो, हसले का म्हणून.

एका दुपारी अपेक्षाताई कपडे वाळत घालत होती, काका पलंगावर पडले होते, पोरगी खाली सतरंजीवर झोपलेली. झोपेतच ती खोकली. ओला, खालून आलेला. खोकून तिनं कोणाकडे पाहिलं नाही, डोळेही उघडले नाहीत. काका उठून बसले. पुन्हा आला. काकांनी मला नंतर सांगितलं, "मी देवराव ऐकला गा. तिच्या एवढ्याशा छातीत देवराव किक मारून राहिला होता."

ते तसेच उठले, शर्टाची बटणं लावत सरकारी दवाखान्याकडे निघाले. पोरीला घेऊन अपेक्षाताई मागून.

काकांची थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, नाकातून एक बारीक नळी घालून गळा पाहिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखं बोलत होत्या. "फुफ्फुसात आहे. तिथून स्वरयंत्रावर आला आहे. किती दिवसांपासून आवाज बसला?"

"मारबतीपासून."

"कोणत्या मारबतीपासून?"

काका बोटांवर महिने मोजायला लागले. मग बाईंनी विचारलं, घरात कोण कोण आहे, आणि बाहेरच्या बाकावरून मयुराचा खोकला ऐकू आला. लहान मुलांना थुंकता येत नाही, ती बेडका गिळून टाकतात. म्हणून नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागतं. पोरीला दोन नर्सनी धरलं. ती ओरडत होती ते "आबा" म्हणूनच ओरडत होती, कारण घरी रडली की आबाच थान विकून हसवायचे. काका दाराबाहेर, तोंडाला मास्क, आत जायला मनाई. त्यांनी बाहेरून तिला हाक मारायला तोंड उघडलं. साऱ्या गल्लीला हलवणारा माणूस, आणि बंद दारापलीकडे एक शब्द पोचवता आला नाही. नुसती हवा निघाली.

पोरीलाही टीबी निघाला.

अपेक्षाताई घरी आल्यावर एकच वाक्य बोलली. "बाबा, ताट वेगळं केलं ना तुम्ही. म्हनजे माहीत होतं तुम्हाले."

"मले वाटलं, ताटानं होते."

"म्हनजे माहीत होतं."

सासरहून फोन आला, पोरगी पूर्ण बरी होईस्तोवर तिथेच राहा. अपेक्षाताईनं फोन ठेवला आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. एका खिडकीला वर्षानुवर्षं रंग चिकटलेला होता, ती तिनं लाटण्यानं ठोकून उघडली. बापाशी मात्र बरेच दिवस बोलली नाही. यमुताई मधल्या मध्ये दोन्हीकडचे निरोप पोचवत राहिल्या, एकाच खोलीत.

औषध सुरू झालं. आरोग्य केंद्रातल्या सरिता सिस्टर यायच्या, गोळ्या समोर गिळायला लावायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "काका, लघवी केशरी होईल, घाबरू नका."

"संत्र्याच्या गावचा आहे मी," काका कुजबुजले, "आतापर्यंत काहून नाही झाली, हेच नवल."

सिस्टर हसल्या नाहीत. "दोन महिन्यांत बरं वाटेल. बरं वाटलं म्हणून गोळी सोडली की तो परत येतो, आणि मग या गोळ्यांना भीक घालत नाही. सोडाल का?"

काकांनी मयुराकडे बोट दाखवलं. पोरीच्या गोळ्या पाण्यात विरघळवून चमच्यानं द्यायच्या असायच्या. ती आधी आबा गिळतात का ते पाहायची, मग तोंड उघडायची. काकांना गोळीनं मळमळायचं, पोटात ढवळायचं, सांधे दुखायचे. पण एकही दिवस तिच्यासमोर तोंड वाकडं केलं नाही. नकलाकाराच्या समोर बसलोय, हे त्यांना ठाऊक होतं.

ताप गेला, खोकला गेला, पट्टा एक भोक मागे आला. पोरीचे गाल परत भरायला लागले. सिस्टर म्हणाल्या, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही. आवाज आला नाही. काकांनी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "जंतू मरतात. जखम भरते. पण भरलेल्या जखमेचा वण राहतो, आणि वण वाजत नाही."

पोळा जवळ आला तशी गल्लीत कुजबूज सुरू झाली. मंडळाच्या पोरांनी ठरवलं, यंदा ललकारी मोबाईलवर रेकॉर्ड करून स्पीकरवर वाजवू. काकांच्या कानावर ते गेलं. संध्याकाळी जिन्यावर मला थांबवलं.

"जीव वाचला, ठीक आहे," ते म्हणाले. कुजबूज ऐकायला वाकावं लागायचं. "पन मारबतीले डब्बा हाक मारन आता?"

"डब्बा काहून? मी मारतो ना. तुमच्या आवाजात. तुम्ही गाडीवर उभे राहा, तोंड हलवा. मी बडग्याच्या मागे बसतो."

त्यांनी मला ऐकवायला लावलं. मी ऐकवलं. खळखळ आणि घुमारा, दोन्ही. त्यासाठी मी दोन महिने टाकीत तोंड घालून सराव केला होता. काका डोळे मिटून ऐकत राहिले. आतून यमुताई पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि आत गेल्या.

"पाहिलं?" मी म्हटलं. "काकूलेही नाही कळलं. गल्लीले काय कळते."

"कळन."

"नाही कळत."

"लाव शर्त. तर्री-पोह्याची."

मी लावली. असली पैज कोण सोडतो?

मारबतीच्या सकाळी गल्ली गच्च भरली. काका पांढऱ्या पायजम्यात गाडीवर चढले, आणि अफवेच्या तोंडावर मारायला चप्पल काढून सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून मग खाली ठेवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अपेक्षाताई पोरीला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती. काकांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि बडग्याच्या कागदी पोटामागून मी सोडली.

"ईडा पीडा, खासी-खोकला, रोगराई,"

माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली नक्कल. गहू तळापर्यंत गेला.

उत्तर आलं नाही.

पाच-सहा जणांनी "घेऊन" म्हटलं आणि तेही अर्ध्यात विरलं. गल्ली वाट पाहत होती. मला कळेना कशाची. मी पुन्हा सोडली, आणखी मोठ्यानं. पुन्हा तीच शांतता. मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "शालिकराम, खॉक् कुठी गेलं?" आणि कोणीतरी म्हणालं, "अबे, हा शालिकराम नाहीच."

तो खोकला मी मुद्दाम गाळला होता. बरा झालेल्या माणसाच्या तोंडी आजार कशाला घालायचा, असा मी फार मोठा विचार केला होता. काका गाडीवर उभे, हात तसाच वर. बडग्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. गल्लीला त्यांचा आवाज नव्हता आठवत. खोकला आठवत होता.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

खॉक्.

मी कान टवकारले. दुसरं काही सुचलंच नाही. वरच्या गळ्यातला होता. कोरडा. आणि खोकून झाल्यावर मयुरा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती, हसले का म्हणून.

काकांनी हात खाली आपटला आणि गल्ली फुटली, "घेऊन जाय गे मारबत." पुढच्या ललकाऱ्यांना मी अर्धी ओळ टाकायचो, पोरगी खॉक् करायची आणि गल्ली उरलेलं उचलायची. काका नुसता हात हलवत होते. अपेक्षाताई रडत होती की हसत होती, ते मला बडग्यामागून दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हरलेल्या शर्तीचे पोहे घेऊन गेलो. काकांनी आपल्या प्लेटीतली तिखट तर्री अलगद माझ्या प्लेटीत ओतली, गळ्याकडे बोट दाखवलं, आणि कोरडे पोहे चहात बुडवून खायला लागले.